लिव्होनियन भाषेत ‘आहे’, ‘तिथे आहे’ आणि ‘माझ्याकडे आहे’ वेगळे कसे ओळखायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: लिव्होनियन या नामशेष युरालिक भाषेत वस्तूचे अस्तित्व, वस्तूचे ठिकाण आणि वस्तूची मालकी या तिन्हींसाठी एकच क्रियापद वापरले जाते आणि इंग्रजीतील ‘हॅव’सारखे क्रियापद रोजच्या बोलण्यात नाही, असे प्रश्नकर्त्याने वाचले आहे. वर्गातील पाठासाठी त्यांना काही वाक्ये या तीन गटांत विभागायची आहेत. वाक्यात सगळीकडे तेच क्रियापद दिसत असेल तर विभागणी कशाच्या आधारावर करायची, आणि ही रचना भाषेची स्वतःची आहे की शेजारच्या लाटव्हियनकडून आलेली, असे त्यांनी विचारले आहे.

फिनिक भाषांतील जुन्या मजकुरांची शब्दशः फोड करून त्यांना व्याकरणाच्या खुणा लावणे हे माझे काम असल्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर नेहमी येतो. माझ्या मते क्रियापद एकच असणे ही यातली खरी अडचण नाही. मराठी माणसाला तर ती मुळीच वाटू नये, कारण ‘देव आहे’, ‘आई घरी आहे’ आणि ‘मला एक भाऊ आहे’ ही तिन्ही वाक्ये आपण ‘आहे’वरच भागवतो. अडचण निर्माण होते ती तीन अर्थ म्हणजे तीन रचना असे गृहीत धरल्यामुळे. लिव्होनियनमध्ये रचनेचे सांगाडे दोनच आहेत आणि मालकी हा त्यांतल्या एका सांगाड्याचा पोटप्रकार आहे. हे एकदा ध्यानात आले की बरीचशी वाक्ये आपोआप आपापल्या जागी बसतात.

त्याआधी भाषेविषयी थोडे सांगतो, कारण उत्तराचा काही भाग तुमचा मजकूर कोणत्या काळातला आणि कोणत्या किनाऱ्यावरचा आहे यावर अवलंबून आहे. लिव्होनियन ही फिनिक शाखेतील, म्हणजे फिनिश आणि एस्टोनियनच्या कुळातील भाषा. ती आजच्या लाटव्हियात रीगाच्या आखाताच्या दोन्ही अंगांना बोलली जात असे. पूर्वेकडची सालात्सा बोली एकोणिसाव्या शतकातच संपली. पश्चिमेकडे कुर्झेमेच्या उत्तर टोकाला कोल्का, माझिर्बे, वायदे अशा कोळ्यांच्या डझनभर गावांत ती विसाव्या शतकातही टिकून होती. दुसऱ्या महायुद्धानंतर हा किनारा सोव्हिएत सीमाक्षेत्रात गेला, मासेमारीवर बंधने आली आणि गावे रिकामी झाली. ही भाषा मातृभाषा म्हणून बोलणाऱ्या शेवटच्या व्यक्ती मानल्या जाणाऱ्या ग्रिझेल्डा क्रिस्टिन्या यांचे २०१३ मध्ये कॅनडात निधन झाले. तरीही ‘नामशेष’ हा शब्द जपून वापरावा, कारण ही भाषा शिकून बोलणारे, तीत लिहिणारे आणि गाणारे लोक आजही आहेत, आणि लाटव्हिया विद्यापीठात तिच्यासाठी २०१८ पासून स्वतंत्र संस्था आहे. मी पुढे जे सांगणार आहे ते कुर्झेमेच्या बोलीविषयी आहे. ते प्रामुख्याने शेग्रेन आणि वीडेमान यांनी १८६१ मध्ये प्रसिद्ध केलेले व्याकरण व कोश, केट्टुनेन यांचा १९३८ चा कोश आणि २०१२ चा लिव्होनियन-एस्टोनियन-लाटव्हियन कोश यांच्यावर आधारलेले आहे.

उदाहरणे देवनागरीत देतो. शब्दाच्या शेवटी ‘ऽ’ दिसेल तिथे अस्पष्ट ‘अ’ उच्चारावा. लिव्होनियनमध्ये काही अक्षरे घशात किंचित अडकवून उच्चारली जातात. ती अडक नेहमीच्या लेखनात दाखवत नाहीत, म्हणून मीही दाखवलेली नाही.

प्रथम क्रियापद पाहू. ‘आहे’ म्हणजे ‘उम’. गमतीची गोष्ट अशी की ‘मी आहे’ आणि ‘तो आहे’ या दोन्हींसाठी हेच रूप येते. ‘ते आहेत’ यासाठी ‘अत्तऽ’, ‘होता’ यासाठी ‘वॉल्य’. भविष्यासाठी ‘लीब’ हे वेगळ्याच धातूचे रूप आहे. फिनिशमध्ये याच धातूपासून ‘असावे बहुधा’ अशा अर्थाचे रूप तयार होते, लिव्होनियनने मात्र त्याला सरळ भविष्याचे काम दिले. नकार तर मराठी वाचकाला ओळखीचा वाटावा. फिनिक भाषांमध्ये नकार हेच मुळात एक क्रियापद असते आणि लिव्होनियनमध्ये ते पुरुषानुसार बदलते: ‘मा ॲब ऊओ’ म्हणजे मी नाही, ‘सा ॲद ऊओ’ म्हणजे तू नाहीस. आपल्या ‘नाही, नाहीस, नाहीत’प्रमाणे इथेही प्रत्यय नकाराला लागला आहे. फरक एवढाच की मराठीतल्या ‘नाही’ने ‘असणे’ पोटात घेतले आहे, तर लिव्होनियनमध्ये ‘ॲब’नंतर ‘असणे’चा उरलेला धातू ‘ऊओ’ वेगळा उच्चारावा लागतो.

आता दोन सांगाडे पाहू. ‘रोन्तझ उम लोदा पॅल’ म्हणजे पुस्तक टेबलावर आहे. ‘लोदा पॅल उम रोन्तझ’ म्हणजे टेबलावर पुस्तक आहे. शब्द तेच आहेत आणि ‘पॅल’ हे आपल्या ‘वर’सारखेच नामाच्या मागे येणारे शब्दयोगी अव्यय आहे. पहिल्या वाक्यात पुस्तक आधीच माहीत आहे आणि प्रश्न ते कुठे आहे एवढाच आहे, म्हणून ते वाक्य ठिकाणाचे. दुसऱ्या वाक्यात टेबल माहीत आहे आणि पुस्तकाची बातमी नवी आहे, म्हणून ते अस्तित्वाचे. लिव्होनियनमध्ये इंग्रजीसारखी उपपदे नाहीत. गरज पडली तर ‘से’ म्हणजे ‘ते’ लावून वस्तू ओळखीची असल्याचे सांगतात, पण एरवी हे काम शब्दक्रमावरच चालते. मराठीतही ‘पुस्तक टेबलावर आहे’ आणि ‘टेबलावर पुस्तक आहे’ यांत नेमका हाच फरक आहे, हे कोणत्याही मराठी वाचकाला विचार न करता कळते.

पण निव्वळ शब्दक्रमावर विसंबणे धोक्याचे असते. गोष्टीत, गाण्यात आणि भाषांतरात क्रम सहज उलटतो. अशा वेळी मी वाक्याचा नकार तपासतो. ‘येमा ॲब ऊओ कुओन्नऽ’ म्हणजे आई घरी नाही. हे ठिकाणाचे वाक्य आहे आणि नकार आला तरी ‘येमा’ प्रथमेतच राहिली आहे, कारण आई अस्तित्वात आहे, फक्त घरी नाही. याउलट ‘लोयास उम कला’ म्हणजे होडीत मासा आहे. इथे ‘लोया’ला आपल्या सप्तमीसारखा ‘स’ प्रत्यय लागून ‘लोयास’ झाले आहे. याचाच नकार करताना म्हणतात, ‘लोयास ॲब ऊओ कल्लऽ’. ‘कला’चे ‘कल्लऽ’ झाले. ही अंशवाचक विभक्ती आहे, जी फिनिक भाषांमध्ये अपुऱ्या, अनिश्चित किंवा नाकारलेल्या वस्तूसाठी येते. ज्या वस्तूचे असणेच नाकारले आहे तिला प्रथमा मिळत नाही, असे थोडक्यात म्हणता येईल. मराठीत यासाठी विभक्तीची खूण नाही. ‘होडीत मासा नाही’ आणि ‘मासा होडीत नाही’ हा भेद आपण क्रमावर आणि आघातावर निभावून नेतो. म्हणून मराठी भाषक विद्यार्थ्यांच्या नजरेतून ही खूण वारंवार सुटते, आणि वर्गीकरणाच्या दृष्टीने तीच सर्वांत भरवशाची आहे. मात्र ती शंभर टक्के लागू होते असे समजू नका. नकारातही प्रथमा ठेवलेली वाक्ये मजकुरांत आढळतात, आणि फिनिशमधला कडक नियम डोळे झाकून लिव्होनियनवर लादला तर चांगली वाक्ये चुकीच्या गटात जातात.

मालकीकडे वळू. ‘मिन्नन उम रोन्तझ’ म्हणजे माझ्याकडे पुस्तक आहे. ‘इझान उम लोया’ म्हणजे बापाची होडी आहे, बापाकडे होडी आहे. ‘इझा’ म्हणजे बाप, आणि त्याला लागलेला ‘न’ हा चतुर्थीचा प्रत्यय. ‘मिन्नन’, ‘सिन्नन’, ‘तॅम्मन’ म्हणजे अनुक्रमे मला, तुला, त्याला किंवा तिला. आता ‘लोयास उम कला’ आणि ‘इझान उम लोया’ ही वाक्ये एकाखाली एक ठेवून पाहा. सांगाडा तोच आहे: आधी आधार, मग ‘उम’, मग नवी वस्तू. पहिल्यात आधार होडी आहे म्हणून ठिकाणाची विभक्ती, दुसऱ्यात आधार माणूस आहे म्हणून चतुर्थी. नकारातही मालकीचे वाक्य अस्तित्वाच्याच वाटेने जाते: ‘मिन्नन ॲब ऊओ आइगऽ’, मला वेळ नाही. ‘आइगा’ म्हणजे वेळ, आणि इथे तो पुन्हा अंशवाचक रूपात आला आहे. म्हणूनच मालकी हा अस्तित्वाचा पोटप्रकार आहे असे मी वर म्हटले. लोककथेच्या सुरुवातीला हे दोन्ही प्रकार लागोपाठ येतात. ‘इक्शकर्द वॉल्य केन्यिग’, एकदा एक राजा होता. ‘केन्यिगन वॉल्य तिदार’, राजाला एक मुलगी होती. पहिल्या वाक्यात राजा अस्तित्वात आला आणि दुसऱ्यात तो स्वतःच आधार झाला.

मराठी वाचकाचा गोंधळ इथे वेगळ्या कारणाने होतो. आपल्याकडे मालकीची वाटणी बरीच बारीक आहे. नाते असेल तर ‘मला भाऊ आहे’, हातातली वस्तू असेल तर ‘माझ्याकडे छत्री आहे’ किंवा ‘माझ्याजवळ पैसे आहेत’, स्थावर असेल तर ‘माझे गावाकडे घर आहे’, अवयव असतील तर ‘तिचे डोळे सुंदर आहेत’. लिव्होनियनची चतुर्थी ही सगळी क्षेत्रे एकटीच सांभाळते. ‘मिन्नन उम वेल्य’, मला भाऊ आहे. ‘तॅम्मन अत्तऽ क्नाश्शद सील्माद’, शब्दशः तिला सुंदर डोळे आहेत. मराठीत हे आपण षष्ठीने म्हणू. भूकसुद्धा याच रचनेत बसते: ‘मिन्नन उम नॅल्गा’, मला भूक आहे. तेव्हा मराठी भाषांतरात ‘कडे’ आले की ‘चा’ आले, यावरून मूळ वाक्याचा गट ठरवू नका. भाषांतरातला तो भेद मराठीने घातलेला आहे. डोळ्यांच्या वाक्यात क्रियापद ‘अत्तऽ’ असे अनेकवचनी झाले आहे, हेही टिपून ठेवा. फिनिश भाषक अशा ठिकाणी एकवचनच वापरतो, म्हणून फिनिश व्याकरण शिकून आलेल्या विद्यार्थ्याला इथे छापण्यातली चूक वाटते.

चतुर्थीच्या बरोबरीने आणखी दोन रचना मजकुरात भेटतात आणि त्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. ‘रोन्तझ उम मिन यूस’ म्हणजे पुस्तक माझ्यापाशी आहे. इथे ‘मिन’ ही षष्ठी आणि ‘यूस’ म्हणजे ‘पाशी’. पुस्तक कोणाचे आहे याविषयी हे वाक्य मूग गिळून बसते. ते फक्त सध्या कुठे आहे एवढेच सांगते. हे ठिकाणाचे वाक्य आहे, त्यात माणूस आला म्हणून ते मालकीचे होत नाही. दुसरे वाक्य ‘से उम मिन रोन्तझ’, म्हणजे हे माझे पुस्तक आहे. यात अस्तित्वही नाही आणि ठिकाणही नाही, फक्त ओळख पटवली आहे. कोणी विचारले, ‘हे कोणाचे?’, तर त्याचे उत्तर हे. अभ्यासक्रमात ‘मालकी’ असा एकच रकाना दिला असेल तर तिथे निदान दोन उपरकाने करून घ्या. नसता ‘माझ्याकडे पुस्तक आहे’ आणि ‘पुस्तक माझे आहे’ ही दोन्ही एकत्र पडतील आणि सगळ्या विश्लेषणाचा विचका होईल.

हे लाटव्हियनचे अनुकरण आहे का, हा तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला अधिक रंजक वाटतो. वरवर पाहता तसे वाटणे साहजिक आहे. लाटव्हियनमध्ये ‘मान इर ग्रामाता’ म्हणतात, शब्दशः ‘मला आहे पुस्तक’, आणि तिथेही चतुर्थीच आहे. लिव्होनियन लोक शतकानुशतके लाटव्हियन बोलणाऱ्यांच्या शेजारी राहिले, जवळजवळ सगळेच द्विभाषी होते, आणि लाटव्हियन शब्दांप्रमाणेच क्रियापदांचे उपसर्गसुद्धा लिव्होनियनमध्ये आले. पण दोन गोष्टी या सोप्या उत्तराच्या आड येतात. पहिली अशी की ‘अमक्याला किंवा अमक्यावर आहे’ या रचनेने मालकी सांगणे हा युरालिक कुळात फार पसरलेला प्रकार आहे. फिनिशमध्ये ‘मिनुल्ला ओन किर्या’, एस्टोनियनमध्ये ‘मुल ओन रामात’, हंगेरियनमध्ये ‘नेकेम व्हान एज्य क्योन्यव्हेम’. यांतल्या हंगेरियनचा लाटव्हियनशी काही संबंध नाही. दुसरी गोष्ट लाटव्हियनच्या बाजूची. तिची सख्खी बहीण लिथुएनियन मालकीसाठी ‘टुरेटी’ हे ‘हॅव’सारखे क्रियापद वापरते. लाटव्हियन याबाबतीत बहिणीपेक्षा शेजाऱ्यांसारखी आहे. ती रचना तिने जुनीच जपली असेल किंवा फिनिक शेजाऱ्यांमुळे तिला बळ मिळाले असेल, पण प्रभाव एकाच दिशेने वाहिला असे धरून चालणे मला पटत नाही.

लाटव्हियनचा हात खरोखर कुठे दिसतो, तर विभक्तीच्या निवडीत. जुन्या फिनिक भाषेत ठिकाणाच्या विभक्त्यांचे दोन संच होते: ‘आत’ सांगणारा ‘स’-संच आणि ‘वर, पाशी’ सांगणारा ‘ल’-संच. फिनिश आणि एस्टोनियनने मालकीसाठी हा ‘ल’-संच वापरला. वरच्या ‘मिनुल्ला’ आणि ‘मुल’मधला ‘ल’ तोच. कुर्झेमेच्या लिव्होनियनमध्ये मात्र ‘स’-संच धडधाकट राहिला आणि ‘ल’-संच झिजत जाऊन काही क्रियाविशेषणे व स्थळनामे यांच्यापुरता उरला. त्याची रिकामी जागा ‘न’ प्रत्ययाच्या चतुर्थीने घेतली. आजूबाजूला लाटव्हियन चतुर्थी दिवसरात्र कानावर पडत असताना ही जागा चतुर्थीलाच मिळावी, यात आश्चर्य नाही. तो ‘न’ स्वतः मात्र लाटव्हियन नाही, फिनिकच आहे. तो जुन्या षष्ठीतून आला की अन्य ‘ना’-विभक्तीतून, यावर अभ्यासकांचे मतभेद आहेत. फिनिशमध्ये आजही ‘मिनुन ओन नॅल्कॅ’, म्हणजे ‘मला भूक आहे’, असे म्हणता येते आणि तिथे ‘मिनुन’मधला ‘न’ चतुर्थीचेच काम करतो. म्हणजे सामग्री घरची आहे आणि ती वापरण्याचे वळण शेजाऱ्यांच्या संगतीने पक्के झाले. मला तरी उपलब्ध पुराव्याशी सर्वांत जुळणारी मांडणी हीच वाटते.

याच ओघात एका वाक्यप्रकाराविषयी सावध करतो, कारण तो तुमच्या यादीत असण्याची दाट शक्यता आहे. ‘मिन्नन उम लॅमस्त’ या वाक्यात चतुर्थी आहे, ‘उम’ आहे, म्हणून घाईने त्याला मालकीच्या गटात टाकले जाते. त्याचा अर्थ ‘मला जायचे आहे, जावे लागणार आहे’ असा आहे. ‘लॅमस्त’ हे ‘जाणे’चे कर्तव्य दाखवणारे रूप आहे. मराठीत ‘मला जायचे आहे’ असे म्हणताना आपणही चतुर्थी आणि ‘आहे’च वापरतो, पण म्हणून कोणी ‘जाणे’ माझ्या मालकीचे आहे असे म्हणत नाही. लाटव्हियनमध्ये ‘मान याइएत’ आणि फिनिशमध्ये ‘मिनुन ओन मेन्टॅव्हॅ’ अशा याच धर्तीच्या रचना आहेत. अशा वाक्यांना चौथा रकाना द्यावा.

मजकुराच्या स्वरूपाचाही विचार करा. लिव्होनियनमधले सर्वांत जुने छापील पुस्तक म्हणजे मत्तयाच्या शुभवर्तमानाचे १८६३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेले भाषांतर. भाषांतरात मूळ वाक्याचा क्रम पाझरतो, त्यामुळे तिथे शब्दक्रमाला मी कमी वजन देतो आणि विभक्तीला जास्त. त्याउलट किनाऱ्यावरच्या माणसांनी सांगितलेल्या गोष्टी आणि आठवणी यांत क्रम हा चांगला साक्षीदार असतो. सुटी उदाहरणवाक्ये बहुधा लाटव्हियन वाक्य विचारून मिळवलेली असतात, तेव्हा त्यांच्यावर ‘प्रभाव’ सिद्ध करण्याचे ओझे टाकू नये.

प्रश्नात ‘युरालिक’ असा मोठा शब्द असला की इथले निष्कर्ष सगळ्या कुळाला लावण्याचा मोह होतो, तोही टाळा. सायान पर्वतांच्या उत्तर उतारावर पूर्वी बोलली जाणारी कामास ही सामोयेड शाखेची भाषा घ्या. तिच्या शेवटच्या भाषक क्लाव्दिया प्लोत्निकोव्हा १९८९ मध्ये वारल्या. त्या भाषेत ‘आहे’साठी ‘इगे’ आणि ‘नाही, उपलब्धच नाही’ यासाठी ‘नागा’ असा स्वतंत्र शब्द आहे. म्हणजे अस्तित्वाचा नकार तिथे आपल्या ‘नाही’सारखा एका शब्दात उरकतो, लिव्होनियनसारखा ‘नकार अधिक धातू’ असा जोडून होत नाही. अशा भाषेत अंशवाचकाची कसोटी लावायला जागाच नसते.

तुमच्या वाक्यांसाठी मी हा क्रम सुचवेन. आधी चतुर्थीतला माणूस शोधा. तो सापडला तर ‘उम’नंतर नाम आहे की ‘-मस्त’सारखे कर्तव्यरूप, हे पाहून मालकी आणि कर्तव्य वेगळे करा. चतुर्थी नसेल तर वाक्याचा नकार करून पाहा, किंवा नकारार्थी वाक्य असेल तर नामाची विभक्ती पाहा. अंशवाचक असेल तर अस्तित्व, प्रथमा असेल तर बहुधा ठिकाण. तरीही दोन्ही अर्थ शक्य वाटले तर आधीचे वाक्य वाचा आणि त्या वस्तूचा उल्लेख तिथे आला आहे का ते पाहा. भविष्यातल्या ‘लीब’च्या वाक्यांना हीच कसोटी चालते, फक्त ‘मिन्नन लीब रोन्तझ’सारख्या वाक्यात ‘माझ्याकडे पुस्तक असेल’ आणि ‘मला पुस्तक मिळेल’ हे दोन्ही अर्थ संभवतात, तेव्हा तिथे गट ‘मालकी’ लिहून पुढे प्रश्नचिन्ह ठेवलेले बरे.